मोटरसायकलचा काटा खरे बोलतो का?

माझ्या वडिलांनी वापरलेली एक जुनी बुलेट मोटरसायकल आमच्या घरी आहे. काही वर्षांपूर्वी तिचा गतिमापक, म्हणजे ज्याला आपण नुसते ‘मीटर’ म्हणतो तो, बंद पडला. काटा शून्यावर बसला तो हलेना. जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून मी त्याच आकाराचे दुसरे मीटर आणले. जुन्याच्या जागी ते चपखल बसले. केबलची चाकी त्याच्या आट्यांवर नीट आवळली गेली. गाडी चालू लागताच काटा डौलात वर चढला. काम झाले, असे मला वाटले.

पुढच्याच आठवड्यात कोकणात उतरणाऱ्या एका घाटात मला त्याची किंमत कळली. काटा ४० च्या जरा पुढे होता. त्या वेगाने सहज घेता यावे अशा वळणावर गाडी मला आवरेना. ब्रेक दाबूनही ती रस्ता सोडून कडेच्या खडीवर गेली. कोणाला लागले नाही, पण मागे बसलेल्या माझ्या मुलाने धरलेला खांदा संध्याकाळपर्यंत दुखत होता. गाडीचा वेग ४० नव्हता, हे त्या वळणाने मला सांगितले. काटा मात्र अजूनही तेच सांगत होता.

विद्यार्थी मित्रांनो, विद्युत् चुंबकीय प्रवर्तन हा विषय मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहे. गतिमापक हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तरीही स्वतःच्या गाडीला मीटर बसवताना एक साधा प्रश्न मी विचारला नाही. हे यंत्र मोजते तरी काय?

मीटरला वेग कळत नाही

उत्तर असे, की मीटरला गाडीचा वेग मुळीच कळत नाही. त्याला कळते फक्त एक गोष्ट : आपल्यापाशी येणारी केबल किती वेगाने फिरते आहे. माझ्या गाडीत पुढच्या चाकाच्या मध्याशी एक लहानशी दातेरी चाकांची पेटी आहे. चाक फिरले की ती पेटी केबलच्या आतली पीळदार तार फिरवते. ही तार वर हेडलाइटच्या कवचात बसवलेल्या मीटरपर्यंत जाते. काही गाड्यांत केबल पुढच्या चाकाऐवजी गिअरपेटीतून निघते.

म्हणजे चाकाचे फेरे, त्यांचे केबलचे फेरे, केबलच्या फेऱ्यांवरून काट्याचा कोन, आणि काट्याखाली छापलेला आकडा, अशी ही चार कड्यांची साखळी आहे. कारखान्यात या चारही कड्या एकमेकींशी जुळवलेल्या असतात. आपण त्यांतली एकच बदलतो आणि बाकीच्या तीन तशाच राहतात. घोळ होतो तो इथे.

मीटरच्या पोटात

केबलच्या वरच्या टोकाला एक कायमचुंबक जोडलेला असतो. त्याच्याभोवती, त्याला स्पर्श न करता, अॅल्युमिनियमची एक हलकी वाटी बसवलेली असते. वाटीच्या आसाला काटा जोडलेला असतो आणि घड्याळातल्यासारखी केसाइतकी बारीक सर्पिल स्प्रिंग असते. चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये हवेशिवाय काही नाही. अॅल्युमिनियम लोखंडासारखे चुंबकाला चिकटतही नाही. मग चुंबक फिरला की वाटी का फिरू पाहते?

हे कोडे जुने आहे. १८२४ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो याला दिसले, की तांब्याची तबकडी फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते. याचे कारण त्याला सांगता आले नाही. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, तेव्हा उलगडा झाला. धातूजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, की त्या धातूत विद्युत्‌प्रवाह निर्माण होतात. पाण्यातल्या भोवऱ्यांप्रमाणे ते धातूच्या आत गोल गोल फिरतात, म्हणून त्यांना भोवरा-प्रवाह म्हणतात. ज्या हालचालीमुळे ते निर्माण झाले तिलाच ते विरोध करतात. चुंबक आपल्यापुढून पळतो आहे, तर त्याच्याबरोबर पळून दोघांतला फरक कमी करावा, असाच जणू वाटीचा प्रयत्न असतो.

स्प्रिंग नसती तर वाटी चुंबकामागे गरागरा फिरली असती. स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक जितका वेगाने फिरेल, तितके वाटीला फिरवणारे बल जास्त. वाटी जितकी वळेल, तितकी स्प्रिंगची ओढ जास्त. जिथे दोन्ही समान होतात तिथे काटा थांबतो. दोन्ही समप्रमाणात वाढत असल्यामुळे काट्याचा कोनही केबलच्या वेगाच्या समप्रमाणात राहतो, आणि म्हणून तबकडीवरचे आकडे सारख्या अंतरावर छापता येतात. या तत्त्वावरच्या गतिमापकाचे पेटंट जर्मनीत ओटो शुल्झ याने १९०२ साली घेतले. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी जुन्या गाड्यांत तीच रचना दिसते.

काट्याखाली किलोमीटरचे आकडे पुढे सरकवणारा अंतरमापकही असतो. त्याचे काम अगदी निराळे आहे. त्यात चुंबक नाही, स्प्रिंग नाही. केबल एका मळसूत्री दांड्याला फिरवते आणि तो दातेरी चाके ढकलत नेतो. केबलचे ठरावीक फेरे झाले की एक आकडा पुढे जातो. तो फक्त मोजणी करतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे तोच आपल्याला चोर पकडून देणार आहे.

किलोमीटरच्या दगडांची साक्ष

घाटातल्या प्रसंगानंतर मी एका रविवारी सकाळी मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी नेली. मुलगा मागे बसला होता. हातातले घड्याळ आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड यांच्याकडे लक्ष देणे हे त्याचे काम. समोर पाहून काटा एकाच जागी ठेवणे हे माझे. चालवणाऱ्याने घड्याळाकडे पाहू नये, हा या प्रयोगाचा पहिला नियम.

गणित सोपे आहे. एका तासात ३,६०० सेकंद असतात. एक किलोमीटरला जितके सेकंद लागतील, त्या संख्येने ३,६०० ला भागले की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. ९० सेकंद लागले तर वेग ४०. दोन दगडांतले अंतर नेमके असेलच असे नाही, म्हणून आम्ही सलग पाच किलोमीटर मोजले आणि सरासरी काढली. काटा ४३ वर असताना एका किलोमीटरला सरासरी ६० सेकंद लागत होते. म्हणजे खरा वेग ताशी ६० किलोमीटर!

४३ आणि ६० मधला फरक १७ चा दिसतो, पण ब्रेकच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. गाडी थांबवायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग सेकंदास ५ मीटरने कमी होतो असे धरा. ४३ च्या वेगाला गाडी सुमारे १४ मीटरांत थांबेल. ६० ला मात्र सुमारे २८ मीटर लागतील, म्हणजे जवळजवळ दुप्पट. घाटात मी मनात पहिले अंतर धरून ब्रेक दाबला होता. प्रत्यक्षात गाडीला दुसरे हवे होते.

दोन साक्षीदार

दोष कुठे आहे हे शोधायला अंतरमापक मदतीला आला. १० किलोमीटरचे दगड ओलांडले तेव्हा त्याने ७.१ किलोमीटर दाखवले होते. काटाही ६० च्या जागी ४३ दाखवत होता, आणि ६० चे ०.७१ पट म्हणजे ४३ च. दोघेही एकाच प्रमाणात खोटे बोलत होते.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. चुंबक जुना होऊन क्षीण झाला असता, तर काटा कमी वेग दाखवू लागला असता, पण अंतरमापक बरोबर राहिला असता, कारण त्याचा चुंबकाशी संबंधच नाही. स्प्रिंग ढिली पडली असती तर काट्याने जास्त वेग दाखवला असता, आणि तेव्हाही अंतर बरोबरच आले असते. दोघेही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर दोष मीटरच्या पोटात नसून येणाऱ्या फेऱ्यांत आहे. मीटर आणि गाडी एकमेकांसाठी बनलेली नाहीत.

काटा नुसता थरथरत असेल तर ही निराळी गोष्ट आहे. बहुधा केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी जास्त वाकलेली असते. आतली तार अडकते, पीळ साठवते आणि एकदम सुटते. तार बाहेर काढून पुसावी आणि ग्रीस लावावे, पण वरच्या टोकाला नाही. तिथे लावलेले ग्रीस मळसूत्रासारखे वर चढून मीटरमध्ये शिरते.

तबकडीवरचा लहान आकडा

घरी आल्यावर मी नव्या मीटरची तबकडी भिंगाखाली धरली. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत १४०० असा आकडा होता. अनेक मीटरांवर असा आकडा असतो, आणि बहुतेक लोक तो अनुक्रमांक समजून सोडून देतात. केबलचे किती फेरे म्हणजे एक किलोमीटर, हे तो सांगतो. इंग्लंडमधील स्मिथ्स कंपनीच्या जुन्या मैलांच्या मीटरांवर १६०० हा आकडा सर्रास आढळतो. मैलाला १,६०० फेरे, म्हणजे किलोमीटरला सुमारे १,०००.

आता माझी गाडी किती फेरे देते ते पाहायचे होते. पुढचे चाक उचलून धरले, केबल मीटरपासून सोडवली, तिच्या टोकाला कागदाची झेंडी चिकटवली आणि चाक हाताने १० वेळा फिरवले. झेंडीचे सुमारे २० फेरे झाले. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे मोजण्यासाठी टायरवर आणि फरशीवर खडूची खूण केली, गाडीवर बसूनच ती ढकलली, आणि खूण पुन्हा खाली आली तिथपर्यंतचे अंतर टेपने मोजले. ते साधारण २ मीटर भरले. म्हणून किलोमीटरला चाकाचे ५०० फेरे आणि केबलचे १,०००.

मीटरला हवे होते १,४००, गाडी देत होती १,०००. भागाकार करा : ०.७१. घाटातले कोडे एका ओळीत सुटले. मी नंतर १००० आकडा असलेले मीटर मिळवले आणि दगडांची परीक्षा पुन्हा घेऊनच ते कायम केले. स्प्रिंग ताणून किंवा काटा काढून पुढे बसवून हा दोष जात नाही. काटा एखाद्या वेगाला बरोबर दाखवता येईल, पण अंतरमापक खोटाच राहील.

चाक बदलले तर?

माझ्या गाडीच्या चाकाची रिंग १९ इंची आहे. तिच्या जागी कोणी हौसेने १८ इंची रिंग आणि तितक्याच जाडीचा टायर घातला, तर व्यास १ इंचाने, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटरने कमी होईल. ३.२५ इंची टायरसह मूळ व्यास साधारण ६४८ मिलिमीटर असतो, म्हणून घट सुमारे ४ टक्क्यांची. लहान चाकाला तेवढेच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणून मीटर ४ टक्के जास्त वेग दाखवील. ही चूक निदान सुरक्षित बाजूची आहे. केबल पुढच्या चाकातून येत असेल, तर मागचे चाक किंवा साखळीचे दातेरी चक्र बदलल्याने मीटरवर काही परिणाम होत नाही. ती गिअरपेटीतून येत असेल, तर मात्र होतो.

चेहरा बदलण्याचा मोह

पुष्कळ हौशी लोक यंत्र तेच ठेवून नुसती तबकडी बदलतात. भारतात वजने-मापांच्या प्रमाणांचा कायदा १९५६ साली झाला आणि त्यापुढच्या वर्षांत मैलांची जागा किलोमीटरने घेतली. त्यामुळे जुन्या गाड्यांवर मैलांची मीटरे आढळतात आणि ती किलोमीटरची करण्याचा मोह होतो.

समजा, ० ते ८० मैलांची तबकडी २४० अंशांत पसरली आहे. म्हणजे एका मैलाला ३ अंश. तिच्या जागी कोणी २४० अंशांतच ० ते १२० किलोमीटरची तबकडी लावली. म्हणजे एका किलोमीटरला २ अंश. गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे ३७.३ मैलांनी चालली आहे. काटा ११२ अंशांवर जाईल आणि नवी तबकडी ५६ दाखवील. पुन्हा खऱ्यापेक्षा कमी! बरोबर तबकडीवर त्या टोकाला १२० नव्हे तर सुमारे १२९ असायला हवे. शिवाय अंतरमापक आतून मैलच मोजत राहील. तबकडी हे चित्र नाही. आतल्या स्प्रिंगची ती मोजपट्टी आहे.

एक इशाराही देऊन ठेवतो. फार जुन्या, विशेषतः लष्करी उपकरणांच्या आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असू शकतो. तो आता चमकत नसला तरी निरुपद्रवी झालेला नसतो. चमकणारे द्रव्य झिजते, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. असा रंग खरवडू नये, की त्याची धूळ उडवू नये.

शेजारचा ॲमीटर

बुलेटच्या हेडलाइटच्या कवचात मीटरशेजारी मध्यभागी शून्य असलेला एक लहान ॲमीटर असतो. बॅटरीत प्रवाह शिरतो आहे की बाहेर पडतो आहे, हे तो सांगतो. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचा दिवा इंजिन बंद असताना लावला, तर काटा उणे बाजूला ५ अँपिअरकडे झुकेल. हा सारा प्रवाह ॲमीटरमधूनच जातो, कारण तो एकसरीत जोडलेला असतो आणि त्याचा रोध अगदी कमी असतो.

हल्ली काही जण त्याच्या जागी व्होल्टमीटर लावतात. कल्पना चांगली आहे, पण तो त्याच दोन तारांना जोडला तर गाडीचे दिवे लागणार नाहीत. व्होल्टमीटरचा रोध फार मोठा असतो आणि तो समांतर जोडायचा असतो. ॲमीटर काढल्यावर त्याच्या दोन तारा एकमेकींना पक्क्या जोडून त्यांवर आवरण घालावे लागते. उलट चूक, म्हणजे ॲमीटर बॅटरीच्या दोन टोकांना सरळ जोडणे, ही तर आगीला आमंत्रण आहे. प्रयोगशाळेत आम्ही हेच बजावत असतो. गाडीत ते विसरले की त्याची शिक्षा लगेच मिळते.

इलेक्ट्रॉनिक मीटरही तेच विचारते

नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरात केबल नसते. चाकावर एक लहान चुंबक बसवतात. तो एका संवेदकासमोरून गेला, की संवेदकात विद्युत्‌स्पंद निर्माण होतो. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेला परिणाम बहुधा त्यासाठी वापरलेला असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, आणि चाकाचा परीघ २ मीटर, म्हणून सेकंदाला सुमारे ८ स्पंद. मीटर ते मोजून गुणाकार करते. पण परीघ किती, हे त्याला आपणच सांगावे लागते. २,००० मिलिमीटरच्या जागी २,१०० भरले, तर ते अत्यंत नेमके दिसणारे आकडे ५ टक्के चुकीचे दाखवील.

इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मापकाचेही असेच. तो ठिणग्या मोजतो. दोन-स्ट्रोक एकसिलिंडर इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. बुलेटसारख्या चार-स्ट्रोक इंजिनात कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जुन्या रचनेत ती दोन फेऱ्यांना एकदा पडते. पहिल्यासाठी बनवलेला मापक दुसऱ्यावर बसवला, तर तो बरोबर निम्मे फेरे दाखवील.

मीटर बदलताना जुन्या मीटरवरचे किलोमीटर तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. पुढे गाडी घेणाऱ्याला तिचे खरे वय कळायला हवे.

करून पाहा

मोठ्या भांड्यात पाणी घेऊन त्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची वाटी तरंगू द्या. वाटीला न टेकता तिच्या अगदी जवळ, दोऱ्याला आडवा टांगलेला एक शक्तिशाली चुंबक धरा आणि दोऱ्याला पीळ देऊन सोडा. चुंबक फिरू लागला की वाटीही हळूहळू त्याच दिशेने फिरू लागेल. मग प्लॅस्टिकची वाटी ठेवून तोच प्रयोग करा. ती फिरते का? फिरत नसेल तर का नाही?

आणि घरातल्या मोठ्या माणसाबरोबर गाडीवरून जाल, तेव्हा मागे बसून घड्याळ आणि किलोमीटरचे दगड यांवरून तुमच्या घरच्या मीटरची परीक्षा घ्या. खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्त दाखवणारे मीटर चालेल. कारखानदार ते मुद्दाम तसे ठेवतात. पण ते कमी दाखवत असेल, तर वडीलधाऱ्यांना त्याच दिवशी सांगा. माझ्या गाडीला ते सांगायला एक वळण लागले.